गाठ एक, अंतरंगे अनेक : कर्करोगाच्या नकाशाचा इतिहास

१/ १ ऑक्टोबर १९७१. विम्बल्डन येथील ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात मेंदूच्या गाठीचा संशय असलेल्या एका स्त्रीचे सीटी स्कॅन झाले. रुग्णावरील हे पहिलेच. कवटी न उघडता गाठीची जागा कळली. पण गाठीच्या आत काय घडत होते? या प्रश्नाचा इतिहास या धाग्यात पाहू.

२/ प्रश्न सीटीहून जुना. १९५५ मध्ये थॉमलिन्सन आणि ग्रे या ब्रिटिश संशोधकांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. रक्तवाहिन्यांलगतच्या पेशी जिवंत, सुमारे ०.२ मिलिमीटरपलीकडच्या मृत. त्यांच्या सीमेवर अत्यल्प प्राणवायूवर तग धरणाऱ्या पेशी असाव्यात, असे त्यांचे अनुमान होते.

३/ अशा पेशी मारण्यास किरणांची मात्रा जवळपास तिप्पट लागते. संपूर्ण गाठीला सारखीच मात्रा दिली, तर नेमक्या त्याच मागे उरण्याचा धोका. मात्र जिवंत रुग्णात त्या दिसत नव्हत्या.

४/ कर्कपेशी साखर अधाशीपणे वापरतात, हे ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवले होते. १९७६ मध्ये किरणोत्सारी शर्करा (एफडीजी) प्रथमच माणसाला टोचली गेली. तिची किरणोत्सारिता ११० मिनिटांत निम्मी होते. म्हणून ब्रुकहेवनहून फिलाडेल्फियाला ती विमानाने न्यावी लागली. याच द्रव्यामुळे पुढे पेट स्कॅनमध्ये गाठीचे सक्रिय भाग उजळून दिसू लागले.

५/ भारतातील पहिले पेट स्कॅन यंत्र २००२ मध्ये मुंबईत, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आले. द्रव्य अल्पायुषी, म्हणून सायक्लोट्रॉनही तेथेच उभारावा लागला.

६/ २००० मध्ये क्लिफ्टन लिंग व सहकाऱ्यांनी विचार मांडला : चित्रात गाठीचा जो भाग अधिक चिवट दिसेल, त्यालाच अधिक मात्रा द्यावी.

७/ २०१२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी मूत्रपिंडाच्या एकाच गाठीचे अनेक तुकडे तपासले. बहुतांश जनुकीय बदल सर्व तुकड्यांत समान नव्हते. म्हणजे सुईने काढलेला एक कण संपूर्ण गाठीची साक्ष देऊ शकत नाही.

८/ कल्पनेची कसोटी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. नेदरलँड्स आणि बेल्जियममधील ५७१ प्रोस्टेट-कर्करोगी. ज्यांच्या एमआरआयमध्ये दिसणाऱ्या गाठीला वाढीव मात्रा दिली, त्यांच्यापैकी ९२ टक्के पाच वर्षांनी रक्तचाचणीच्या निकषावर रोगमुक्त होते. इतरांत हे प्रमाण ८५ टक्के. दुष्परिणामांत लक्षणीय वाढ नव्हती.

९/ तरीही पेट स्कॅनला दिसणारा लहानात लहान ठिपका काही मिलिमीटरांचा असतो. १९५५ मधले अंतर होते ०.२ मिलिमीटर. प्रत्येक ठिपक्यात असंख्य पेशींची सरासरीच दडलेली असते. नकाशा हाती आला; गल्लीबोळ अजून उमटायचे आहेत.