नोंदवहींतलें नांव

27 मार्च 1943 च्या रात्रीं ॲम्स्टरडॅम शहरांतील लोकसंख्या-नोंदणीच्या कचेरीवर पोलिसांचा गणवेश चढविलेले कांहीं लोक चालून आले. ते पोलीस नव्हते. शिल्पकार खेरित फान देर फेन व लेखक विलेम आरोंडेउस हे त्यांचे पुढारी होते. पहारेकऱ्यांना गुंगीचें औषध देऊन त्यांनीं बाहेर नेलें, कपाटांतील कार्डें जमिनीवर ओतलीं आणि आग लावून दिली. बंबवाले आले ते मुद्दाम रेंगाळत. आणि आल्यावर त्यांनीं गरजेहून कितीतरी अधिक पाणी ओतलें. जें जळलें नाहीं तें भिजून तरी जावें, हा हेतु! तथापि बहुतेक कार्डें वांचलीं, आणि त्याच वर्षीं जुलैमध्यें या कटांतील बारा जणांना गोळ्या घालण्यांत आल्या.

श्रोतेहो, कागदाच्या कार्डांसाठीं माणसांनीं प्राण कां द्यावे? त्या कार्डांवर नांव व पत्ता यांबरोबर धर्माचाहि रकाना होता. तो शत्रूनें घातलेला नव्हता. शांततेच्या काळांत डच कारकुनांनीं कारभाराच्या सोयीसाठीं प्रामाणिकपणें भरलेला होता. मे 1940 मध्यें जर्मन सैन्य आलें आणि तयार नोंदवही त्याच्या हातीं पडली. त्या देशांतील सुमारें 1,40,000 यहुद्यांपैकीं 1,00,000 हून अधिक मारले गेले. या संहाराचीं कारणें अनेक होतीं. पण कोणाच्या दारावर थाप मारावयाची, हें त्या वहीनें सांगितलें.

युरोपांतील आजच्या माहितीसंरक्षणाच्या कायद्यास धंदेवाले लोक पुष्कळदां कागदी कटकट म्हणतात. त्यांनीं ही रात्र लक्षांत घ्यावी असें मला वाटतें. एका कामासाठीं घेतलेली माहिती दुसऱ्याच कामीं लागूं नये, हें या कायद्याचें एक मुख्य सूत्र आहे.

संगणक आल्यावर ही भीति वाढली. 1970 सालीं जर्मनीच्या हेसे प्रांतानें जगांतील पहिला माहितीसंरक्षणाचा कायदा केला. 1973 सालीं स्वीडननें संपूर्ण राष्ट्रासाठीं तसा कायदा केला. 1983 सालीं जनगणनेविरुद्ध जर्मनींत मोठा गदारोळ उठला, तेव्हां कार्ल्सरूए येथील घटना-न्यायालयानें निर्णय दिला कीं, आपल्या माहितीचें काय व्हावें हें ठरविण्याचा अधिकार मूलतः ज्याच्या त्याच्याकडे आहे. 1995 चा युरोपीय निर्देश व पुढें 2016 चा सर्वसाधारण नियम हीं याच वाटेवरचीं ठिकाणें. हा नियम 25 मे 2018 पासून लागू झाला.

आतां व्यापाऱ्यानें करावयाचें काय? प्रथम आपल्या घरची झडती घ्यावी. कोणाची माहिती आपल्याकडे आहे, कशासाठीं घेतली, कोणास दिली, किती दिवस ठेवणार, याची वही करावी. वही लिहितांनाच निम्मी माहिती निष्कारण सांठविली असल्याचें ध्यानांत येतें. ती काढून टाकावी. उरलेलीस कायद्यांतील सहांपैकीं एक आधार दाखवितां आला पाहिजे. संमति हा त्यांतला एकच, आणि सर्वांत नाजूक. कारण ती मोकळेपणानें दिलेली हवी, व परत घेणें देण्याइतकेंच सोपें हवें. आधींच खूण करून ठेवलेल्या चौकटीस संमति म्हणतां येत नाहीं, असें लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयानें 2019 सालीं स्पष्ट केलें.

ग्राहकानें आपली माहिती मागितली तर साधारणतः एका महिन्यांत उत्तर द्यावें. माहिती फुटली व त्यामुळें लोकांना अपाय होण्याचा संभव असला, तर कळल्यापासून 72 तासांत देखरेख-अधिकाऱ्यास कळवावें. दडवून ठेवण्याची जुनी खोड येथें फार महाग पडते. गंभीर अपराधास दोन कोटी युरो किंवा जगभरच्या वार्षिक उलाढालीच्या शेंकडा चार, यांपैकीं जी रक्कम मोठी असेल तेथपर्यंत दंड होऊं शकतो. मे 2023 मध्यें फेसबुक चालविणाऱ्या मेटा कंपनीस, युरोपांतील लोकांची माहिती अमेरिकेंत पाठविल्याबद्दल, आयर्लंडच्या अधिकाऱ्यांनीं 120 कोटी युरो दंड ठोठावला.

हा कायदा युरोपच्या वेशीवर थांबत नाहीं. पुण्यांतील एखादी कंपनी जर्मन विमा कंपनीच्या ग्राहकांच्या नोंदी सांभाळीत असेल, तर तिलाहि त्याचा लगाम बसतो. ज्या देशास युरोपीय आयोगाची मान्यता नाहीं, तेथें माहिती न्यावयाची तर बहुधा आयोगानें 2021 सालीं नव्यानें घालून दिलेलीं करारकलमें स्वीकारावीं लागतात. मालकाच्या लेखी आज्ञेपलीकडे त्या नोंदींना हात लावतां येत नाहीं. परस्पर तिसऱ्यास काम सोंपवितां येत नाहीं. आणि करार संपला कीं, मालक सांगेल त्याप्रमाणें सर्व नोंदी परत कराव्या लागतात, नाहींतर प्रतींसकट पुसून टाकाव्या लागतात.