आजीनं काय केलं, ते सांगा



घरातली बाई गेली की दहाव्याला, तेराव्याला एक वाक्य हमखास ऐकू येतं, "लई सोसलं बिचारीनं." ते खरंही असतं. पण वर्षश्राद्धापर्यंत तेवढंच उरतं. तिनं काय काय केलं, ते मागं राहतं आणि नातवंडांसाठी आजी म्हणजे भिंतीवरचा हार घातलेला फोटो होतो. म्हणून आज आपण गेलेल्या माणसाची आठवण जपणाऱ्या बायकांबद्दल बोलू.

रमाबाई रानडे मूळच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या. १८७३ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचं लग्न झालं, तेव्हा त्या लहानच होत्या आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. नवऱ्यानं शिकवायला घेतलं आणि घरातल्या बायकांचे टोमणे सुरू झाले. १९०१ साली रानडे वारले. १९१० साली रमाबाईंचं पुस्तक आलं, 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'. नाव नीट ऐका. नवरा एवढा नावाजलेला, तरी त्यांनी 'त्यांच्या' लिहिलं नाही, 'आमच्या' लिहिलं. जगाला ठाऊक असलेल्या न्यायमूर्तींच्या मागे घरातला माणूस कसा होता, हे आज आपल्याला कळतं ते रमाबाईंमुळे.

दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांचे पती कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि काही वर्षं दोघांची ताटातूट झाली. १९१९ साली टिळक गेले. पुढं मुलाला वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, त्यानं आईला आठवणी लिहायला लावल्या. त्यातून 'स्मृतिचित्रे' तयार झालं. लक्ष्मीबाईंचं शिक्षण बेताचं. त्यांनी बोलावं तसं लिहिलं. नवऱ्याचा तापट स्वभाव, हाती पैसा न टिकणं, सगळं सांगितलं, तेही हसत. त्यानं माया कमी झाली नाही, माणूस डोळ्यांसमोर उभं राहिलं.

ज्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांनी जात्यावर ओव्या गायल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी अशा १ लाखाहून जास्त ओव्या गावोगावच्या बायकांकडून जमवल्या. आई गेल्यावर माहेर कसं परकं होतं, हे त्या बायकांनी जात्याला सांगितलं. आता दळण गिरणीत जातं आणि ते सांगायची जागाही राहिली नाही.

आमच्या गटातल्या एक आजी मागं वारल्या. दहाव्याला तेच वाक्य झालं, "लई सोसलं." तेव्हा त्यांच्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं, बाहत्तरच्या दुष्काळात तिनं पाझर तलावावर खडी फोडली. पोर झोळीत टाकायची. सुकडी मिळायची, त्यातली निम्मी पदराला बांधून घरी आणायची." घरातल्या सुना गप्प झाल्या. ज्या तलावावर आपली गुरं पाणी पितात, तो आजीच्या हातचा आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

मे १९७३ मध्ये महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. त्यात बायका मोठ्या संख्येनं होत्या. त्या कामांच्या अनुभवातूनच पुढं १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. रस्ते, तलाव, बांध उभे राहिले, त्यावर या बायकांची नावं कुठंच नाहीत. तेव्हा विशी-पंचविशीत असलेल्या बायका आज सत्तरी ओलांडून गेल्या आहेत. एकेक जण जाते आहे.

म्हणून आमच्या गटानं एक ठरवलंय. महिन्याच्या बैठकीत एका गेलेल्या बाईबद्दल बोलायचं. तिचं माहेरचं नाव काय? ती कुठल्या कामावर गेली? कुणाची बाळंतपणं केली, कुठलं बी राखलं? कशावरून भांडायची, कशाला हसायची? जाऊ, नणंद, शेजारीण जे सांगेल ते वहीत उतरवायचं. लिहिणारी नसेल तर मोबाइलवर आवाज भरून ठेवायचा. तिचा रागही लिहायचा. नुसतं गुणगान केलं की सगळ्या आज्या एकसारख्या दिसायला लागतात.

आणि ज्या आज्या अजून ओट्यावर बसल्या आहेत, त्यांच्याशेजारी आजच संध्याकाळी जाऊन बसा.