नावाआधी काय लावायचं?

जत्रेच्या फडात माईक हातात घेतला की चिठ्ठ्या यायला लागतात. ‘आमच्या पोराचं नाव घेताना अमुक केसरी म्हणा.’ कुणी तालुक्याचा केसरी, कुणी साखर कारखान्याच्या मैदानाचा, कुणी पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा. वस्तादाला नाराज कशाला करा, म्हणून पुकारतो. पण पुकारताना समोरच्या म्हाताऱ्यांच्या तोंडाकडे बघितलं की खरा किताब कोणता ते कळतं. नुसत्या नावावर ते मान वर करत नाहीत. ‘यानं कुणाला पाडलंय?’ एवढंच विचारतात.

जुना हिशेब हाच होता. गामा ‘रुस्तम-ए-हिंद’ झाला तो कुठल्या समितीनं ठरवलं म्हणून नव्हे. रहीम सुलतानीवाला हे त्या काळचं सगळ्यात मोठं नाव. त्याच्याशी गामाच्या आधीच्या कुस्त्या बरोबरीत सुटलेल्या. इंग्लंडचा दौरा करून आल्यावर अलाहाबादला गामानं त्याला हरवलं आणि वाद मिटला. किताब हवा तर ज्याच्याकडे तो आहे त्याच्याशी जोड लावा, दुसरी वाट नाही. शाहू महाराजांनी १९०२च्या युरोप दौऱ्यात रोमचं जुनं क्रीडागार पाहिलं आणि १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं, तेही जोड बघायलाच. मधे गोल आखाडा, चहूबाजूंनी चढत गेलेली बसायची जागा, शेवटच्या माणसालाही पाठ लागलेली दिसावी अशी.

१९५३ साली मामासाहेब मोहोळांनी कुस्तीगीर परिषद उभी केली आणि १९६१ला औरंगाबादच्या अधिवेशनात पहिला महाराष्ट्र केसरी झाला, दिनकर दह्यारी. चांगलंच झालं. संस्थानं गेली होती, पैलवानाला पोसणारा राजा उरला नव्हता. किताब, पुढं चांदीची गदा, नोकरीची आशा, यावर तालमी तगल्या. पण हिशेब बदलला. किताब आता माणसाकडून माणसाकडे जात नाही, सालाकडून सालाकडे जातो. गेल्या वर्षीचा केसरी उतरलाच नाही तरी नवा केसरी होतो, आणि जुनाही मरेपर्यंत केसरीच राहतो. म्हणूनच तर नरसिंग यादवनं २०११ ते २०१३ आणि विजय चौधरीनं २०१४ ते २०१६ ओळीनं तीनदा गदा मारली तेव्हा ‘तिहेरी’ म्हणून पुकारताना माझाही आवाज चढायचा.

वजनाचं तर कुणी बोलतच नाही. केसरीचा गट ८६ ते १२५ किलोचा. खाशाबा जाधव १९५२ला हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, ते ५७ किलोच्या गटात. गोळेश्वरचा हा माणूस आज असता तर महाराष्ट्र केसरीच्या गटात त्याला उभंसुद्धा केलं नसतं. मोठा पैलवान म्हणजे अंगानं मोठा, ही आपली समजूत किताबानंही सोडलेली नाही.

आता गादी आली, गुण आले. माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता शेवटी समोरासमोर येतात. नियम समजावून सांगणं माझं काम, मी सांगतो: ताबा घेतला, गुण दिला, रेषेबाहेर ढकललं, गुण दिला. कुस्ती संपते, पंच एकाचा हात वर करतो, हलगी घुमते, आणि पहिल्या रांगेतला फेटेवाला शेजाऱ्याला विचारतो, ‘पर पडला कोण?’ त्याला अडाणी म्हणायची माझी छाती होत नाही. हरिश्चंद्र बिराजदार मामा १९६९चे महाराष्ट्र केसरी, हे विचारलं तर चार जण सांगतील. १९७७ला बेळगावात त्यांनी दिल्लीच्या सतपालला पाडलं, हे मात्र न विचारता कुणीही सांगतो. श्रीपती खंचनाळे हिंद केसरी होते हे सांगताना लोक लगेच १९५९, दिल्ली आणि पंजाबचा बंतासिंग जोडतात. किताबाला असा पुरावा लागतो.

आणि २०२३ला तर कमालच झाली. संघटनांच्या भांडणात नोव्हेंबर महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले. फुलगावला सिकंदर शेखनं अंतिम कुस्तीत शिवराज राक्षेला हरवलं. काही दिवसांत धाराशिवला दुसऱ्या महाराष्ट्र केसरीत तोच शिवराज हर्षवर्धन सदगीरला हरवून विजेता ठरला. पैलवानांचा यात काय दोष? ज्यानं बोलावलं तिथं ते लढले. गोची माझी झाली. एकाच मैदानात दोघंही आले तर एकाच सालाचे दोन केसरी कसे पुकारायचे?

तेव्हापासून मी सालाबरोबर गावही सांगतो आणि समोर कोण होता तेही. ‘फुलगावात शिवराज राक्षेला हरवून महाराष्ट्र केसरी झालेला सिकंदर शेख.’ वाक्य लांबतं, संयोजक घड्याळ दाखवतात. वाढदिवसाच्या केसरींनाही तेच विचारायला लागलोय, समोर कोण होता म्हणून. चिठ्ठ्या जरा कमी झाल्यात.