उशिरां ऐकूं आलेली शीळ

मेहकर हें बुलढाणा जिल्ह्यांतील पैनगंगेच्या कांठचें जुनें गांव. 'आइन-इ-अकबरी'मध्यें वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत त्याचें नांव आहे. म्हणजे एके काळीं तें नुसतें तालुक्याचें ठिकाण नसून मोठ्या मुलुखाचें मुख्य ठाणें होतें. गांवांत बालाजीचें देऊळ आहे. त्यांतील शार्ङ्गधर विष्णूची भव्य मूर्ति १८८८ सालीं जमिनींतून निघाली. पिढ्यान् पिढ्या लोक त्या जागेवरून जात येत असतील, पण आपल्या पायांखालीं काय आहे याची कोणास वार्ता नव्हती. याच गांवांतील एका तरुणाची कविता १९३२ सालीं महाराष्ट्रभर ऐकूं गेली, आणि तिचें व तिच्या कर्त्याचें खरें मोल कळावयासही लोकांस असाच उशीर लागला. ती कविता म्हणजे 'शीळ', आणि तिचे कर्ते नागोराव घनश्याम देशपांडे, म्हणजेच कवि ना. घ. देशपांडे.

'शीळ' हें नांव उच्चारतांच जुन्या पिढीच्या मराठी माणसाच्या ओठांवर तिची चाल आपोआप येई. परंतु हें गाणें कोणाचें असें विचारलें तर उत्तर बहुधा एकच मिळे : जी. एन्. जोशींचें. उत्तर खोटें नव्हे, पण तें अर्धेंच आहे. गाण्यास गायकाचें नांव चिकटतें व कवीचें नांव गळून पडतें, हा आपल्या समाजाचा फार जुना प्रघात आहे. अभंगाच्या शेवटीं संतकवि आपलें नांव गुंफून ठेवीत; लावणीच्या शेवटीं शाहीरही तेंच करीत. ही खबरदारी किती शहाणपणाची होती, हें ग्रामोफोनच्या काळांत कळून आलें.

त्या काळाकडे थोडें वळून पाहिलें पाहिजे. हिंदुस्थानांत ध्वनिमुद्रणास १९०२ सालीं कलकत्त्यास प्रारंभ झाला. आरंभींच्या पद्धतींत गायकास एका मोठ्या कर्ण्यांत तोंड घालून जोरानें गावें लागे. ज्याचा आवाज पल्लेदार त्याचें मुद्रण चांगलें. हळुवार उच्चार, शब्दाची लकेर, श्वासाचा कंप हें सारें कर्ण्याच्या बाहेरच राही. म्हणून पहिल्या पंचवीस वर्षांत मराठी तबकड्यांवर ख्याल आला, नाटकांतील पदें आलीं, लावणी व भजन आलें; पण कानाशीं बोलल्यासारखें गाणें आलें नाहीं. १९२५ च्या सुमारास पाश्चात्त्य देशांत विजेच्या साहाय्यानें मुद्रण करण्याची रीत निघाली व कांहीं वर्षांतच ती इकडेही आली. कर्ण्याची जागा मायक्रोफोननें घेतली. आतां गायकानें ओरडण्याचें कारण उरलें नाहीं. भावगीताच्या जन्माचें श्रेय कवींना व गायकांना देतांना या यंत्राचें नांव सहसा कोणी घेत नाहीं. वस्तुतः त्याच्यावांचून तें मूल जन्मलें असतें तरी जगलें नसतें.

दुसरेंही एक कारण होतें. १९३१ सालीं 'आलम आरा' हा बोलपट आला. पुढच्याच वर्षीं प्रभात कंपनीनें 'अयोध्येचा राजा' मराठींत बोलता केला. संगीत नाटकांची सद्दी संपत आली होती. बालगंधर्वांच्या पदांवर पोसलेल्या कानांना कांहीं तरी नवें हवें होतें, पण तें काय हें त्यांनाही सांगतां येत नव्हतें. पुण्यास रविकिरण मंडळाच्या कवींनीं १९२३ पासून कविता सभेंत गाऊन दाखविण्याची गोडी लोकांस लाविली होती. मात्र तें काव्यगायन होतें. त्यांत कवि मुख्य, गाणें दुय्यम. कवितेचा शब्द न दुखवतां तिला खऱ्या अर्थानें गाणें करणारा कोणी तरी यावयाचा होता.

तो विदर्भांतून आला. गोविंद नारायण जोशी हे कायद्याचे पदवीधर; आवाज गोड, शिस्त रागसंगीताची आणि आवड कवितेची. ना. घ. देशपांडेही वकीलच. दोघांचाही जन्म १९०९ चा. म्हणजे ज्या वेळीं 'हिज मास्टर्स व्हॉइस' कंपनीनें 'शीळ'ची तबकडी काढली, त्या १९३२ सालीं कवि आणि गायक हे दोघेही अवघ्या तेवीस वर्षांच्या आंतबाहेरचे होते. चालही जोशींनीं स्वतःच लाविली होती. मराठी भावगीताच्या आरंभींच्या तबकड्यांत हिचा मान पहिला समजतात. दहा इंची तबकडी, मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे, एका बाजूस सुमारें तीन मिनिटें. नाट्यगृहांत एकेक पद 'वन्स मोअर' घेत घेत अर्धा तास चाले, त्या काळीं तीन मिनिटांत सांगावयाचें तें सांगून गप्प बसणें हीच मोठी नवलाई होती.

आणि सांगितलें तें तरी काय? एक खेड्यांतली तरुणी आहे. रानांतून कोणाची तरी शीळ येते. ती कोणाची हें तिला ठाऊक आहे व सगळ्या गांवासही ठाऊक असावें अशी तिला धास्ती आहे. वेळअवेळ न पाहणाऱ्या त्या सख्यावर ती लटकी रागावते. एवढीच गोष्ट. तींत पौराणिक नायिका नाहीं, शाकुंतलाची सावली नाहीं, पुण्यामुंबईची शिकलेली प्रणयिनीही नाहीं. वऱ्हाडांतील रान आहे आणि तेथली बोलण्याची लकब आहे. त्या वेळीं जानपद गीत म्हणून कवितेची एक धाटणी रूढ होऊं लागली होती. पण त्यांतील पुष्कळ रचनांत शहरी कवि धोतर खोचून शेतकऱ्याचें सोंग आणीत असल्यासारखें वाटे. ना. घ. देशपांड्यांना सोंग आणण्याची गरज नव्हती. ते त्याच मातींत वाढले होते व पुढें आयुष्यभर तेथेंच राहिले.

तेथेंच राहिले, ही गोष्ट त्यांच्या कवितेस जितकी मानवली तितकीच त्यांच्या कीर्तीस बाधली. खामगांवास कापसाच्या व्यापारामुळें १८७० सालींच रेल्वेचा फांटा आला होता. मेहकर मात्र आगगाडीच्या वाटेपासून दूर. प्रकाशक, संपादक, सभासंमेलनें, टीकाकारांच्या बैठकी हें सारें पुण्यामुंबईस; नागपूर तरी कोठें जवळ होतें? तालुक्याच्या गांवीं वकिली करणारा कवि या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येणार कसा? त्याचें गाणें घरोघर वाजत होतें, पण त्याच्या नांवावर एकही पुस्तक नव्हतें. 'शीळ' हा त्यांचा पहिला कवितासंग्रह निघाला तो १९५४ सालीं. तबकडी आणि पुस्तक यांच्यामध्यें बावीस वर्षें गेलीं! इतक्या काळांत गजाननराव वाटवे यांच्यासारख्या गायकांनीं भावगीत गांवोगांवच्या चौकांत नेलें होतें. आणि संग्रह निघाल्यावर पुढच्याच वर्षीं पुणें केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झालें. ज्या वाटेवर पहिलें पाऊल ज्या कवितेनें टाकलें, ती कविता पुस्तकरूपानें आली तेव्हां त्या वाटेवर जत्रा भरली होती.

त्यांतच मराठी काव्याचें वारें फिरलें. मर्ढेकरांचा 'काहीं कविता' हा संग्रह १९४७ सालीं आला आणि नवकाव्याचा वाद पेटला. यंत्रयुगांतील माणसाची तडफड हा काव्याचा विषय ठरला. रान, नदी, शीळ, फुलें हीं मागच्या जमान्यांतलीं ठरलीं. नवकाव्यानें मराठीस पुष्कळ दिलें, त्याबद्दल वाद नाहीं. परंतु एका घरांत नवा दिवा लावतांना दुसऱ्याचा दिवा विझविलाच पाहिजे असें नाहीं. इकडे नभोवाणीच्या वर्गवारींत असल्या गाण्यांस 'सुगम संगीत' म्हणत. तें नांव चांगलें आहे, पण सुगम म्हणजे हलकें असा अर्थ करून घेणारे पुष्कळ निघाले. गवयांच्या लेखीं त्यांत गाणें कमी, टीकाकारांच्या लेखीं त्यांत काव्य कमी. अशा रीतीनें दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहिला.

हा प्रकार आपल्याकडेच होतो असें नव्हे. लंडनमधील ॲबी रोड येथील ध्वनिमुद्रणगृह नोव्हेंबर १९३१ मध्यें उघडलें. तें ज्या कंपनीचें, तिच्याच 'हिज मास्टर्स व्हॉइस' या छापाखालीं 'शीळ' निघाली. त्या गृहांत १९६७ सालीं 'झॉम्बीज' नांवाच्या पांच इंग्रज तरुणांच्या वाद्यवृंदानें बाराच गाण्यांची एक मालिका मुद्रित केली. हे लोक सेंट ऑल्बन्स या लहानशा शहराचे. बीटल्सचा दबदबा एवढा मोठा, कीं त्यांच्या शेजारीं असल्या मंडळींकडे कोण पाहणार? मालिका एप्रिल १९६८ मध्यें बाजारांत आली, त्यापूर्वींच वृंद मोडला होता. वेष्टनावर 'ओडिसी' या शब्दाचें स्पेलिंग चुकलें होतें तें तसेंच छापलें गेलें. शाळेंत एवढ्या चुकीबद्दल मुलास बांकावर उभें करतात. खप बेताचाच झाला. पुढें १९६९ सालीं त्यांतील एक गाणें अमेरिकेंत एकाएकीं लोकप्रिय होऊन तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलें, पण तें गावयास वृंदच शिल्लक नव्हता. मग हळूहळू, प्रौढ झालेल्या श्रोत्यांनीं ती तबकडी पुन्हां काढून ऐकली. आणि २००८ सालीं, चाळीस वर्षांनंतर, त्याच वृंदांतील हयात गड्यांनीं लंडनमध्यें ती सबंध मालिका रंगमंचावर गाऊन दाखविली. २०१९ सालीं अमेरिकेंतील रॉक संगीताच्या मानमंदिरांत त्यांचें नांव लागलें. सेंट ऑल्बन्स आणि मेहकर यांचा एकमेकांशीं कांहीं संबंध नाहीं. पण दोन्हीकडे लोक गाणें ऐकत होते आणि करणाराकडे पाहत नव्हते.

जोशींची वाट निराळी झाली. १९३८ सालीं ते वकिली सोडून त्याच ग्रामोफोन कंपनींत नोकरीस लागले आणि मायक्रोफोनच्या पुढून उठून त्याच्या मागें जाऊन बसले. बडे गुलाम अली खाँ, बेगम अख्तर अशांचें गाणें तबकडीवर आणण्यांत त्यांचा मोठा वांटा आहे. १९६७ सालीं शिवकुमार शर्मांचें संतूर, हरिप्रसाद चौरासियांची बांसरी व ब्रिजभूषण काबरांची गिटार एकत्र आणून 'कॉल ऑफ द व्हॅली' ही प्रसिद्ध तबकडी त्यांनींच काढली. तिच्यांत एका मेंढपाळाचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत रागांतून उभा केला आहे. 'शीळ' ऐकून ही तबकडी ऐकावी. तेंच रान, तोच मोकळा वारा, फक्त शब्द गेलेले. त्यांनीं आपल्या आठवणी 'स्वरगंगेच्या तीरीं' या पुस्तकांत लिहून ठेविल्या आहेत. अशा माणसानें मागें राहून दुसऱ्यांचें गाणें जतन केलें, म्हणून त्यांचें स्वतःचें गाणेंही थोडें मागेंच पडलें, हें मान्य केलें पाहिजे.

'शीळ' तरुणपणीं ऐकणें आणि उतार वयांत ऐकणें यांत फरक आहे. तरुणपणीं ध्यान असतें चालीवर आणि त्या गोड लटक्या रागावर. चाल इतकी सहज आहे कीं तिच्या ओघांत शब्द कानांवरून निसटून जातात. पुढें कधीं तरी संग्रह हातीं येतो, गाण्यावांचून नुसती कविता वाचली जाते, आणि मग ध्यानांत येतें कीं ही चाल जोशींनीं शोधली खरी, पण ती शब्दांतच होती. मात्रांची मांडणी, पुन्हां पुन्हां येणारें ध्रुवपद, बोलींतील शब्दांचे हेलकावे यांनीं ती आधींच बांधून ठेविली होती. चालीनें कविता लोकांपर्यंत नेली आणि चालीनेंच ती झांकली. यांत गायकास दोष देणें कृतघ्नपणा होईल. तबकडी नसती तर तीस सालच्या आसपासची कितीतरी चांगली कविता मासिकांच्या पानांत पिवळी पडली, तशी हीही पडली असती.

कवीनें या उपेक्षेबद्दल गवगवा केल्याचें दिसत नाहीं. १९६३ सालीं 'अभिसार' हा दुसरा संग्रह आला. त्यानंतर पुन्हां बावीस वर्षें गेलीं आणि १९८५ सालीं 'खूणगाठी' प्रसिद्ध झाला. शिळेच्या आवाजानें कावरीबावरी होणारी तरुणी येथें नाहीं. येथें एक वृद्ध आपल्या मनाशीं हिशेब करीत बसला आहे. शब्द कमी झाले आहेत, पण लय सुटलेली नाहीं. ज्यांना 'शीळ'चा कवि म्हणजे एका गाण्याचा धनी वाटत होता, त्यांनीं हा संग्रह वाचून मागची कविता पुन्हां उघडावी असा त्याचा गुण आहे. १९८६ सालीं साहित्य अकादमीनें त्यास पुरस्कार दिला. कवीचें वय तेव्हां सत्त्याहत्तर होतें आणि तबकडीस चौपन्न वर्षें झालीं होतीं.

मेहकराजवळ कंचनीचा महाल म्हणून एक पडका वाडा आहे. त्याच्याशीं एका नर्तकीची दंतकथा जोडलेली असून तींत लोणारचाही उल्लेख येतो. गांवच्या मुलांनीं तेथें खेळावें, गुराख्यांनीं सावलीस बसावें, एवढाच त्याचा उपयोग. देशपांड्यांनीं त्या पडक्या भिंतींवरही कविता लिहिली, आणि त्यांच्या एका संग्रहाचें नांवच 'कंचनीचा महाल' असें आहे. जी. एन्. जोशी १९९४ सालीं वारले. त्यांच्यामागून सहा वर्षांनीं, १० मे २००० रोजीं, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षीं, ना. घ. देशपांडेही गेले.