‘कूळ’ : एका शेतीशब्दाचा सामाजिक इतिहास

ग्रामीण साहित्याची चर्चा करताना शेतीची परिभाषा आपण बहुधा बोलीचे वैभव म्हणून वाचतो. पाभर, तिफण, कुळव, मोट, वाफसा अशा शब्दांची अर्थासह यादी पुस्तकाच्या शेवटी जोडली की समीक्षेचे काम संपले, असा समज रूढ आहे. अवजारांची नावे अशा यादीने कळतात. जमिनीभोवतीच्या मानवी संबंधांची नावे मात्र तिच्यात मावत नाहीत. ‘कूळ’ हा शब्द याचे ठळक उदाहरण आहे. ‘दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा’ एवढा अर्थ देऊन कोशाचे काम भागेल. पण हा अर्थ त्या शब्दाच्या दीर्घ प्रवासातला केवळ एक टप्पा आहे.

संस्कृतातून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ वंश, घराणे. कुळधर्म, कुलदैवत, कुळशील या शब्दांत तो आजही प्रतिष्ठेने नांदतो. जमिनीच्या हिशेबात मात्र ‘कूळ’ म्हणजे सारा भरणारा. सावकाराच्या वहीत कर्ज घेणारा. जमीनमालकाच्या दृष्टीने खंड देणारा. तिन्ही ठिकाणी कूळ म्हणजे ज्याच्याकडून काही येणे आहे असा माणूस. व्याकरणही येथे बोलके आहे. मालक, सावकार, खोत हे पुल्लिंगी; कूळ मात्र नपुंसकलिंगी. ‘ते कूळ बुडाले’ असे म्हणताना जिवंत माणसाचा उल्लेख एखाद्या येणे-बाकीसारखा होतो. मूळ अर्थाचे लिंग शब्दाबरोबर सहज चालत आले, हे खरे. परंतु व्यवहाराला ते अडचणीचे वाटले नाही, हेही तितकेच अर्थपूर्ण आहे.

हा अर्थपालट वसुलीच्या व्यवस्थेतून झाला. वंशाचा वाचक शब्द कुटुंबाचा, कुटुंबाचा शब्द सारा देणाऱ्या घटकाचा वाचक बनला. ‘कुलकर्णी’ या हुद्द्याची उपपत्तीही कुळांची नोंद ठेवणारा अशीच सामान्यतः दिली जाते. याच दप्तरात ‘रयत’ हा अरबी शब्द नांदत होता. त्याच्या मुळाशी चारणे, राखणे या अर्थाचा धातू आहे. रयत म्हणजे राखला जाणारा कळप. एकाच शेतकऱ्याला एक शब्द घराण्याकडून मिळाला, दुसरा पशुपालनाकडून. दोन्ही शब्दांनी त्याच्याकडे पाहिले ते वरून. त्याच्या हातच्या कामाचा उल्लेख दोहोंतही नाही.

इंग्रजी अमलात या नोंदीची रचनाच बदलली. १८३६ साली इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या पाहणीने जी पद्धत रूढ होऊ लागली, तिच्यात आकारणीचा पाया मोजलेले शेत हा ठरला. पूर्वी कुळाच्या नावाखाली जमीन लिहिली जाई; आता जमिनीच्या नंबरापुढे माणूस लिहिला जाऊ लागला. जमीन विकता व गहाण टाकता येऊ लागली आणि सारा भरणारे कूळ सावकाराचे कूळ होण्याची वाट रुंदावली. १२ मे १८७५ रोजी सुप्यात उठाव झाला; तेथून पसरलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. ज्या कागदावर आपण ‘कूळ’ आहोत, तो कागदच त्यांना नष्ट करावयाचा होता.

या पार्श्वभूमीवर जोतीराव फुले यांची शब्दयोजना पाहावी. १८६९ च्या पवाड्यात त्यांनी शिवाजीराजांना ‘कुळवाडी-भूषण’ म्हटले. रूढ शब्द ‘कुलभूषण’. त्यात वंशाचा गौरव आहे. फुल्यांनी तो गौरव जमीन कसणाऱ्या समूहाकडे वळवला. १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाच्या नावात तर त्यांनी कामावरून पडलेले नावच वापरले. हा केवळ शैलीचा प्रश्न नव्हता. दप्तराने दिलेली ओळख बदलण्याचा तो प्रयत्न होता.

कोकणात हा शब्द संघर्षाच्या केंद्रस्थानी आला. अलिबागजवळच्या चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून कुळांनी खोतांविरुद्ध दीर्घ संप केला. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्यासाठी विधेयक मांडले. १९३९ च्या कायद्यात ‘संरक्षित कूळ’ ही संज्ञा आली. पुढे १९४८ च्या कुळकायद्यातील दुरुस्तीनुसार, तो लागू असलेल्या प्रदेशात, अटींत बसणारी कुळे १ एप्रिल १९५७ पासून जमिनीची खरेदीदार मानली गेली. देणेकऱ्याचे नाव हक्कदाराचे नाव झाले.

परंतु शब्दाला हक्क चिकटताच मालकवर्ग त्या शब्दापासून सावध झाला. वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत कायदा असूनही कुळांच्या हातून जमिनी निसटल्याचे दिसून आले. ‘कूळ लागणे’ हा वाक्प्रचार मालकाच्या तोंडी भीतीचा झाला. आज जमीन वाट्याने, बटाईने, ठोक्याने दिली जाते. व्यवहार पुष्कळदा तोंडी असतो. सातबाऱ्यावर ‘कुळ, खंड व इतर अधिकार’ हे शीर्षक छापलेले आहे. पण त्याखाली वाटेकऱ्याचे नाव सहसा नसते. अवर्षणात किंवा गारपिटीत पीक त्याचे जाते, भरपाईच्या यादीत नाव मात्र खातेदाराचे असते.

म्हणून कथा-कादंबरीत एखादे पात्र ‘कूळ’ म्हणवून न घेता ‘वाटेकरी’ म्हणवून घेते, तेव्हा समीक्षकाने हे दोन शब्द समानार्थी मानू नयेत. पहिल्यामागे कायद्याने दिलेला हक्क आहे. दुसऱ्यामागे तो हक्क उत्पन्न होऊ नये म्हणून केलेली तजवीज असू शकते. दोहोंतला हा फरक शब्दार्थांच्या यादीत दिसत नाही. त्यासाठी शब्दाबरोबर दप्तर, कायदा आणि शेत हे तिन्ही वाचावे लागतात.