सेव्हरचे शिबिर आणि गावची शाळासमिती

पहिले महायुद्ध संपल्यावर युरोपातील विचारी मंडळींना एक प्रश्न छळू लागला. १९१४ साली जी तरुण मुले हसतखेळत आघाडीवर गेली, ती शाळेत शेजारच्या राष्ट्रांविषयी काय शिकली होती? राष्ट्रसंघाने १९२२ साली बौद्धिक सहकार्यासाठी एक समिती नेमली. तत्त्वज्ञ बर्गसाँ हे तिचे पहिले अध्यक्ष; मादाम क्यूरी, आइन्स्टाइन यांच्यासारखे तिचे सभासद. पुढे आपले जगदीशचंद्र बोस आणि नंतर राधाकृष्णन हेही या समितीवर बसले. इतक्या थोर माणसांनी हात घातला तो मुख्यतः क्रमिक पुस्तकांना. १९२५ साली स्पेनच्या कासारेस यांच्या सूचनेवरून असे ठरले की, परदेशी पुस्तकात आपल्या देशाविषयी चुकीचे काही आढळल्यास त्या देशाच्या समितीला कळवून दुरुस्ती सुचवावी. मात्र ही सूचना भूगोल व संस्कृती यांतील निर्विवाद तथ्यांपुरतीच असावी. नैतिक, राजकीय वा धार्मिक मतांना स्पर्श करू नये! म्हणजे ज्या वाक्यांपायी माणसे एकमेकांच्या उरावर बसतात ती जागच्या जागी ठेवायची आणि नदीची लांबी तेवढी दुरुस्त करायची.

राष्ट्रसंघाची ओळख मुलांना करून द्यावी, असेही ठराव झाले. इंग्लंडात लीग ऑफ नेशन्स युनियनने शिक्षकांमध्ये पुष्कळ काम केले, हे नाकारता येणार नाही. परंतु एकंदरीत पाहता या साऱ्या खटाटोपात शिक्षकाची योग्यता टपाल पोचवणाऱ्याची राहिली. वरून आलेला मजकूर त्याने वर्गात वाचून दाखवावा, एवढीच अपेक्षा. मग दुसरे महायुद्ध आले.

१९४५ साली युनेस्कोची घटना झाली, आणि या वेळी मात्र कोणाला तरी सुचले की आधी शिक्षकालाच जग दाखवावे. १९४७ च्या जुलै-ऑगस्टात पॅरिसजवळच्या सेव्हर या गावी तीसेक देशांतील शिक्षकांचे व शिक्षणतज्ज्ञांचे शिबिर भरले. हॉवर्ड विल्सन हे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ त्याचे संचालक होते. सेव्हर हे नाव चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. पण आपल्या जुन्या पिढीला ते वेगळ्याच कारणाने ठाऊक होते. ऑगस्ट १९२० मध्ये तुर्की साम्राज्याचे तुकडे पाडणारा तह याच गावी, तेथल्या भांड्यांच्या कारखान्यात झाला आणि त्याचे पडसाद खिलाफत चळवळीच्या रूपाने आपल्या गल्लीबोळांत उठले. ज्या गावात एकदा नकाशे फाडले गेले त्याच गावात शिक्षकमंडळी नकाशा कसा शिकवावा यावर बोलत बसली! शिबिर चालू असतानाच हिंदुस्थान स्वतंत्र झाला आणि त्याची फाळणीही झाली. जगाच्या भूगोलाचे पुस्तक त्या उन्हाळ्यात शिक्षकांच्या डोळ्यांदेखत जुने होत होते.

या शिबिराचे वेगळेपण असे की, ते दोन दिवसांचे संमेलन नव्हते. भाषण, टाळ्या, चहा आणि परतीची गाडी, हा आपल्या परिचयाचा क्रम येथे चालणार नव्हता. मंडळी सहा आठवडे एकत्र राहिली. नुकतेच एकमेकांविरुद्ध प्रचार केलेल्या, बाँबखाली शाळा चालवलेल्या देशांची माणसे एका टेबलाशी जेवत होती, वाद घालत होती. परदेशाविषयी शिकवणाऱ्या शिक्षकाने निदान एकदा तरी परदेशी शिक्षकाशी मनसोक्त भांडलेले असावे, असे मला वाटते. त्यावाचून त्याच्या शिकवण्यात जीव येत नाही.

पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, अशी तीन शिबिरे झाली. इंग्लंडात ॲशरिज येथे शिक्षकांच्या शिक्षणावर, न्यूयॉर्कजवळ ॲडेल्फाय कॉलेजात संयुक्त राष्ट्रे कशी शिकवावी यावर आणि चेकोस्लोव्हाकियात पोडेब्राडी येथे लहान मुलांच्या शिक्षणावर. १९५० साली ब्रुसेल्सला इतिहासाची पुस्तके व माँट्रियलला भूगोलाचे अध्यापन हे विषय झाले. या चर्चांतून शिक्षकांसाठी पुस्तिकांची एक माला निघाली. तिच्यातील पाचवी पुस्तिका, तेरा वर्षांखालील मुलांच्या वर्गाविषयीची, पोडेब्राडीच्या चर्चेतून आली. तिच्यात एक विचार स्पष्टपणे मांडला होता: कडव्या राष्ट्राभिमानाची लागण मुलाला पुष्कळदा घरातूनच होते, आणि शाळेने तिच्याशी झुंज दिली पाहिजे.

विचार खरा असेल. पण तो आईबापांना ऐकवण्याची ही रीत नव्हे. विद्वानांनी विद्वानांसाठी लिहिलेली ही वाक्ये अखेर नको त्यांच्या हाती पडली.

लॉस एंजेलिस येथील शाळांतून युनेस्कोविषयीचा कार्यक्रम चालू होता. शिक्षकांच्या उपयोगासाठी एक हस्तपुस्तिका सिद्ध झाली होती, विद्यार्थ्यांसाठी निबंधस्पर्धाही होती. अमेरिकेत तो काळ भयाचा होता. कोरियात युद्ध पेटले होते, सिनेटर मॅकार्थी यांचा दरारा होता, आणि परका शब्द उच्चारणारा प्रत्येक जण कम्युनिस्ट ठरण्याचा संभव होता. काही नागरिकांनी आरोप केला की, शाळा मुलांच्या मनातील देशप्रेम उपटून तेथे जागतिक सरकारची भक्ती पेरीत आहेत. पाचव्या पुस्तिकेतील वाक्ये पुरावा म्हणून फिरू लागली. १९५२ साली प्रकरण शाळामंडळापुढे आले. अधीक्षक स्टॉडर्ड हे या कार्यक्रमाचे पाठीराखे. परंतु हस्तपुस्तिका मागे घ्यावी लागली आणि १९५३ मध्ये मंडळाने कार्यक्रमच बंद केला. त्याच वर्षी शिक्षक-प्रशिक्षणासाठी फोर्ड प्रतिष्ठानने देऊ केलेले अनुदानही मंडळाने नाकारले. पैसा परत पाठवणारी शाळासमिती आपल्याकडे विरळाच!

आरोपांत तथ्य किती होते? अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या कारकीर्दीत, १९५३ सालीच, युनेस्कोकडे गेलेल्या अमेरिकन प्रतिनिधींनी चौकशी करून सांगितले की, ही संस्था जागतिक सरकारचा पुरस्कार करीत नाही आणि कम्युनिस्टांच्या ताब्यातही नाही. अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या बलाढ्य संघटनेने स्वतःची समिती नेमली. तिनेही आरोप फेटाळले. तेव्हा १९५५ च्या अधिवेशनात लीजनने आपल्याच समितीचा अहवाल बाजूला सारला. अहवाल वाचून भीती जात नसते, हे पुढाऱ्यांना ठाऊक होते.

या सगळ्यात वर्गावरचा शिक्षक कोठे होता? शिबिरांनी त्याला विषय दिला, पद्धती दिली, उत्साह दिला. परंतु गावी परतल्यावर एखाद्या मुलाचा बाप दारात उभा राहून विचारील, "माझ्या घरात मी काय शिकवतो ते चुकीचे, असे तुम्ही पोराला सांगता काय?" त्याला काय उत्तर द्यावे, हे सेव्हरला वा पोडेब्राडीला कोणी शिकवले होते? पाठीशी संघटना नाही, अधीक्षकाचा शब्द मंडळापुढे टिकत नाही, अशा वेळी शहाणा माणूस नकाशा गुंडाळून कोपऱ्यात ठेवतो आणि व्याकरण शिकवू लागतो. त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात वाट वेगळी निघाली. तेथील वैर तर साताठ दशकांचे, आणि त्यात तीन युद्धे. जर्मनीत ब्राउनश्वाइगचे गेओर्ग एकर्ट यांनी हे काम शिक्षकसंघटनेच्या आधाराने उभारले. समोर फ्रान्समधल्या इतिहास-भूगोलाच्या अध्यापकांचा संघ होता. १९५१ साली दोन्हीकडच्या इतिहासज्ञांनी वादग्रस्त प्रश्नांवर चाळीस कलमे मान्य केली. कासारेस यांनी जे टाळायला सांगितले होते, म्हणजे युद्धाचा दोष कोणाचा यासारखे प्रश्न, नेमके तेच या मंडळींनी हाती घेतले. येथे शिक्षक एकटा नव्हता. त्याचा संघच बोलणी करीत होता. दोन्ही देशांतील वरच्या वर्गांसाठी इतिहासाचे समाईक पुस्तक २००६ साली निघाले, म्हणजे मध्ये पंचावन्न वर्षे गेली.

युनेस्कोनेही आपली रीत थोडी बदलली. १९५३ साली, म्हणजे लॉस एंजेलिसच्या मंडळाने दार लावले त्याच वर्षी, पंधरा देशांतील तेहतीस माध्यमिक शाळांना घेऊन सहयोगी शाळांचा प्रयोग सुरू झाला. एकट्या शिक्षकाला शिबिराला बोलावून परत पाठवण्याऐवजी येथे संपूर्ण शाळाच सामील होई. त्यामुळे मुख्याध्यापकाला आपल्या गावापुढे आधीच उभे राहावे लागे. आज त्या जाळ्यातील शाळांची संख्या बारा हजारांच्या आसपास आहे.