ओकामी : उशिरा उमगलेला खेळ

जपानच्या कॅपकॉम कंपनीच्या क्लोव्हर स्टुडिओने २००६ साली प्लेस्टेशन २ साठी सादर केलेला व्हिडिओ गेम. दिग्दर्शक हिदेकी कामिया. सूर्यदेवता अमातेरासू शुभ्र लांडग्याच्या रूपात अवतरून शापग्रस्त भूमीला पुन्हा जीवन देते, असे त्याचे कथानक आहे. दृश्ये जपानी शाईचित्रांच्या शैलीतील आहेत. खेळाडूने कुंचल्याने आकाशात वर्तुळ काढले की सूर्य उगवतो. रेघ ओढली की शत्रू दुभंगतो. समीक्षकांनी खेळाची मुक्तकंठाने प्रशंसा केली, विक्री मात्र बेताचीच झाली. त्याच वर्षी स्टुडिओ बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. २०१२ व २०१७ मधील सुधारित आवृत्त्यांमुळे खेळाला नवे चाहते लाभले. कामियांच्याच दिग्दर्शनाखाली पुढील भागाची घोषणा झाली ती २०२४ मध्ये, तब्बल अठरा वर्षांनी.